कॅट स्टीव्हन्स ते युसूफ इस्लाम : एका गायकाचा प्रवास

गेल्या रमजान ईदनंतरची गोष्ट. नववीतल्या आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. मुलगा गुणी. स्नेहसंमेलनात त्याने हम्द म्हटली की मागच्या रांगेतली कुजबुजही थांबते. या मुलाने ईदीचे पैसे साठवून एक जुनी गिटार विकत घेतली होती. वडील म्हणाले, "सर, तुम्ही समजवा याला. आमच्या घरात हे चालायचं नाही." मुलगा दाराशी मान खाली घालून उभा होता. वडील रागावलेले कमी आणि घाबरलेले जास्त दिसत होते. आम्ही दोघांनाही चहा पाजला आणि बोलायला थोडा वेळ मागून घेतला. खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्या रात्री आम्हाला युसूफ इस्लाम आठवले. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) मदीनेला आले तेव्हा त्यांच्या स्वागताला गायिली गेली असे परंपरा सांगते, ती 'तलअल बद्रु अलैना' ही नशीद आपल्यापैकी अनेकांनी एका शांत, थोड्या खरखरीत इंग्रजी गळ्यातून ऐकली असेल. तो गळा युसूफ इस्लाम यांचा. पण हाच माणूस एकेकाळी कॅट स्टीव्हन्स या नावाने इंग्लंड-अमेरिकेतल्या तरुणांच्या ओठांवर होता, आणि ऐन भरात असताना त्याने गिटार खाली ठेवली, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. ती गिटार पुढे त्यांनी पुन्हा उचलली, हे तर त्याहून कमी जणांना माहीत असते. ही सगळी कहाणी आम्ही आधी त्या बापलेकांसाठी जमवली. आता ती वाचकांपुढे ठेवत आहोत.

हॉटेलच्या माडीवरचे बालपण

२१ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. नाव ठेवले स्टीव्हन दिमित्री जॉर्जिऊ. वडील सायप्रस बेटावरचे ग्रीक, आई स्वीडनची. लंडनच्या नाटकगृहांच्या गजबजलेल्या भागात या जोडप्याचे 'मुलँ रूझ' नावाचे हॉटेल होते. कुटुंब वरच्या मजल्यावर राही आणि मुले खाली कामाला हातभार लावीत. स्टीव्हन आठेक वर्षांचा असताना आईवडील वेगळे झाले. पण हॉटेल मात्र दोघे मिळून चालवत राहिले आणि त्याच छपराखाली राहिले. वडिलांचा धर्म ग्रीक ऑर्थोडॉक्स, आई बॅप्टिस्ट, आणि मुलाला घातले कॅथलिक शाळेत! एकाच घरात ख्रिस्ती धर्माच्या तीन वाटा. देव कोण, कुठे आणि कसा, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात लवकर शिरला असेल तर नवल नाही.

गल्लीच्या चारही बाजूंना नाटके आणि संगीतिका चालत. रात्री गच्चीवर बसले की खालून गाण्यांचे सूर येत. पंधराच्या आसपास वय असताना वडिलांनी त्याला आठ पौंडांची गिटार घेऊन दिली. चित्रकलेचीही आवड होती, म्हणून तो काही काळ कला महाविद्यालयात गेला. पण गाणी लिहिण्याने त्याला पुरते धरले होते. जॉर्जिऊ हे आडनाव इंग्रजांच्या जिभेवर बसणार नाही, हे त्याने ओळखले. एका मैत्रिणीने त्याचे डोळे मांजरासारखे आहेत असे म्हटले होते. त्यावरून त्याने 'कॅट स्टीव्हन्स' हे नाव घेतले.

अठराव्या वर्षी प्रसिद्धी, एकोणिसाव्या वर्षी क्षय

१९६६ साली त्याची पहिली तबकडी निघाली. पाठोपाठ 'मॅथ्यू अँड सन' हे गाणे आले. घड्याळाच्या काट्याला बांधलेल्या, मालकासाठी राबणाऱ्या नोकरदारांचे ते गाणे १९६७ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. तेव्हा गायकाचे वय अठरा वर्षे. याच सुमारास त्याने लिहिलेले 'द फर्स्ट कट इज द डीपेस्ट' हे गाणे पी. पी. अर्नोल्ड या गायिकेला अवघ्या तीस पौंडांत मिळाले. पुढे ते रॉड स्ट्युअर्ट, शेरिल क्रो अशा मोठमोठ्या गायकांनी गायिले आणि प्रत्येक पिढीत नव्याने गाजले.

दौरे, जाग्रणे, मद्य, सिगारेटी. विशीत न पोहोचलेल्या शरीराने किती सोसावे? एकोणिसाव्या वर्षी त्याला क्षयरोगाने गाठले. ससेक्स परगण्यातल्या मिडहर्स्ट येथील रुग्णालयात काही महिने आणि नंतर घरी जवळजवळ वर्षभर अंथरुणावर काढावे लागले. टाळ्या एकदम बंद झाल्या. खिडकीतून झाडे दिसत आणि शेजारच्या खाटांवर खरोखर मरणाऱ्या माणसांचा खोकला ऐकू येई. त्या खोलीत त्याने ध्यानधारणेची आणि निरनिराळ्या धर्मांची पुस्तके वाचली, मांसाहार सोडला आणि गाण्यांमागून गाणी लिहिली. आधीची गाणी बाजाराची होती. आता लिहिलेली गाणी प्रश्न विचारणारी होती.

बाप आणि मुलगा

आजारातून उठलेला कॅट स्टीव्हन्स वेगळाच होता. मोठा वाद्यवृंद गेला. एक साधी गिटार, तिच्या साथीला ॲलन डेव्हिस या मित्राची दुसरी गिटार, आणि समोर बसून बोलावे तसा आवाज, एवढेच राहिले. १९७० साली 'टी फॉर द टिलरमन' हा संग्रह आला आणि १९७१ साली 'टीझर अँड द फायरकॅट'. 'वाइल्ड वर्ल्ड', 'मूनशॅडो', 'पीस ट्रेन' ही गाणी त्यांतलीच. 'मॉर्निंग हॅज ब्रोकन' हेही त्याच काळातले. त्याचे शब्द एलिनॉर फार्जन या लेखिकेने चर्चमधल्या प्रार्थनेसाठी लिहिले होते. एका पॉप गायकाने सकाळच्या प्रकाशाबद्दल ईश्वराचे आभार मानावेत आणि ते गाणे जगभर रेडिओवर वाजावे, हे त्या काळात विशेषच होते. १९७२ चा 'कॅच बुल ॲट फोर' हा संग्रह अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

पण आम्हाला सांगायचे आहे ते 'फादर अँड सन' या गाण्याविषयी. रशियन क्रांतीवर एक संगीतिका करायची म्हणून ते लिहिले गेले. मुलाला घर सोडून क्रांतीत उडी घ्यायची आहे, तर शेतकरी बाप म्हणतो की घाई करू नकोस. संगीतिका झालीच नाही, गाणे मात्र राहिले. त्यात बापाचे बोल खालच्या, संथ पट्टीत आहेत आणि मुलाचे वरच्या, तुटत जाणाऱ्या पट्टीत. दोघेही एकाच गळ्यातून गातात. विशेष असे की गाणे कुणाचीच बाजू घेत नाही. बाप निर्दयी नाही आणि मुलगा उद्धट नाही. दोघांचेही खरे आहे, फक्त दोघांना एकमेकांचे ऐकू येत नाही. शाळेच्या दाराशी उभे असलेले ते दोघे आम्हाला या गाण्यातलेच वाटले.

समुद्रातली हाक आणि एक भेट

पैसा आला, कीर्ती आली, पण मन लागेना. १९७० च्या दशकाच्या मध्याची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मालिबू येथे तो समुद्रात पोहायला उतरला. परत फिरला तेव्हा कळले की प्रवाह आत ओढतो आहे. हातपाय थकले. किनाऱ्यावरच्या कुणाला हाक ऐकू जाणे शक्य नव्हते. तेव्हा त्याने ईश्वराला हाक मारली, की मला वाचव, मी तुझे काम करीन. मागून एक लाट आली आणि तिने त्याला किनाऱ्याकडे ढकलले. ही हकीकत त्यांनी नंतर अनेकदा सांगितली आहे.

याच सुमारास त्याचा थोरला भाऊ डेव्हिड जेरुसलेमला जाऊन आला. तिथल्या मशिदीतली शांतता आणि लोकांची लगबग पाहून तो भारावला होता. लंडनला परतल्यावर त्याने धाकट्या भावाला कुरआनच्या इंग्रजी अनुवादाची प्रत भेट दिली. भाऊ स्वतः मुसलमान नव्हता. ही भेट कुठवर नेईल याची दोघांनाही कल्पना नव्हती.

कॅट स्टीव्हन्सने ते पुस्तक एका बैठकीत संपवले नाही. वर्षभराहून अधिक काळ तो एकटाच वाचत होता. कुणी मौलाना त्याच्याजवळ गेले नव्हते, कुणी वादविवादही केला नव्हता. सूरह युसूफपाशी तो थबकला. भावांनी विहिरीत टाकलेला, बाजारात विकला गेलेला तो मुलगा त्याला फार जवळचा वाटला. गाण्याच्या धंद्यात आपलीही अशीच खरेदी-विक्री चालली आहे, असे त्याच्या मनात येई. मग तो स्वतः जेरुसलेमला गेला आणि मशिदीत जाऊन बसला. एकाने विचारले, कोण तुम्ही? म्हणाला, मुसलमान. नाव काय? म्हणाला, स्टीव्हन्स! विचारणारा गोंधळला. ही आठवण सांगताना युसूफ स्वतःच हसतात.

२३ डिसेंबर १९७७, शुक्रवार. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील मशिदीत त्यांनी कलमा पढला. पुढच्या वर्षी युसूफ इस्लाम हे नाव घेतले.

गिटार खाली ठेवली

१९७८ चा 'बॅक टू अर्थ' हा त्या काळातला त्यांचा शेवटचा संग्रह. सप्टेंबर १९७९ मध्ये त्यांचा निकाह झाला. २२ नोव्हेंबर १९७९ रोजी लंडनच्या वेम्बले येथे युनिसेफच्या बालक वर्षासाठी त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला आणि रंगमंचावरून उतरले. नंतर आपली वाद्ये लिलावात विकून ते पैसे त्यांनी धर्मादाय कामाला दिले. वय अवघे एकतीस.

याबद्दल आपल्याकडे एक सोपी समजूत आहे, की मुसलमान झाले आणि संगीत हराम म्हणून सोडले. प्रत्यक्षात ते इतके सरळ नव्हते. संगीताबाबत त्यांना वेगवेगळी मते ऐकायला मिळत होती. जिथे शंका आहे तिथून मागे सरकावे, असे त्यांनी ठरवले. शिवाय आजवर आपण केवळ गात आणि भटकत आलो, जगायचे राहूनच गेले, अशीही त्यांची भावना होती. संसार, मुले, पाच वेळची नमाज आणि मोहल्ल्यातले काम यांना आता वेळ हवा होता. जुन्या गाण्यांचे मानधन येतच राहिले. त्या पैशांचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

एका शाळेची पंधरा वर्षे

शिक्षक म्हणून आम्हाला या चरित्रातले हे पान सर्वांत मोलाचे वाटते. त्यांची मोठी मुलगी शाळेच्या वयाला येऊ लागली तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की दीन आणि दुनिया दोन्ही शिकवणारी शाळा आहे कुठे? १९८३ साली त्यांनी उत्तर लंडनमध्ये मोजक्या मुलांना घेऊन इस्लामिया प्राथमिक शाळा सुरू केली. इंग्रजी, गणित आणि विज्ञान, जोडीला अरबी आणि कुरआन.

विनाअनुदानित शाळा चालवणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या शिक्षकाला समजावून सांगायला नको. ब्रिटनमध्ये चर्चच्या, कॅथलिकांच्या आणि यहुद्यांच्या शाळांना सरकारी अनुदान मिळत होते. मुस्लिम शाळा मात्र एकही त्या यादीत नव्हती. युसूफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकातच अर्ज केला. आसपासच्या शाळांत जागा रिकाम्या आहेत, असे कारण देऊन तो फेटाळला गेला. प्रकरण न्यायालयात गेले. पुन्हा विचार झाला आणि १९९३ साली पुन्हा नकार आला. त्यांनी ना शाळा बंद केली, ना रस्त्यावर दगड उचलला. कागद भरत राहिले आणि मुले शिकवत राहिले. अखेर जानेवारी १९९८ मध्ये शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी मंजुरी दिली. इस्लामिया आणि बर्मिंगहॅमची अल-फुरकान या शाळा ब्रिटनमधल्या सरकारी अनुदान मिळणाऱ्या पहिल्या मुस्लिम शाळा ठरल्या. शाळा काढल्याला तोवर पंधरा वर्षे होत आली होती!

मुलींसाठी आणि मुलांसाठी माध्यमिक शाळाही उभ्या राहिल्या. १९८५ साली आफ्रिकेतल्या दुष्काळाच्या काळात 'मुस्लिम एड' ही मदत संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले अध्यक्ष होते. पुढे त्यांनी 'स्मॉल काइंडनेस' ही संस्था काढून अनाथ आणि युद्धग्रस्त मुलांसाठी काम केले. गाणी बंद होती, पण त्या गाण्यांच्या कमाईवर फळे, खडू, औषधे आणि ब्लँकेटे येत होती.

दोन कठीण प्रसंग

चरित्र सांगताना अवघड पाने गाळू नयेत. १९८९ साली सलमान रश्दींच्या कादंबरीवरून वादळ उठले. लंडनच्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना युसूफ यांना शिक्षेविषयी प्रश्न विचारला गेला. त्यांच्या उत्तरावरून वर्तमानपत्रांनी 'कॅट स्टीव्हन्सचा हत्येला पाठिंबा' अशा अर्थाच्या बातम्या छापल्या. आपण कुणाच्या हत्येचे आवाहन केले नाही, असा खुलासा त्यांनी लगेच केला. पण त्यानंतर दूरदर्शनच्या एका चर्चेतही ते असेच धारदार बोलून गेले. ती थट्टा होती, आणि वाईट, दुखावणारी थट्टा होती, असे त्यांनी पुढे स्वतःच म्हटले. अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी वाजवणे बंद केले. आमच्या मते त्या वेळी जीभ सैल सुटली आणि त्याची किंमत त्यांनी अनेक वर्षे मोजली. हजारोंसमोर बोलणाऱ्याने शब्द तोलावा, हा धडा आपल्याकडच्या वक्त्यांनीही घ्यावा असाच आहे.

दुसरा प्रसंग सप्टेंबर २००४ चा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा त्यांनी ठाम निषेध केला होता आणि पीडितांच्या निधीला पैसेही दिले होते. तरी लंडनहून वॉशिंग्टनला निघालेले त्यांचे विमान वाटेतच मेन राज्यातल्या बँगोर येथे उतरवण्यात आले. प्रवासबंदीच्या यादीत त्यांचे नाव होते म्हणे. मुलीपासून वेगळे करून त्यांची चौकशी झाली आणि त्यांना परत पाठवण्यात आले. ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी नाराजी कळवली. काही आठवड्यांतच रोममध्ये नोबेल विजेत्यांच्या परिषदेत त्याच माणसाला शांततेच्या कामासाठी गौरवण्यात आले! दहशतवादाशी त्यांचे नाव जोडणाऱ्या दोन ब्रिटिश वृत्तपत्रांनाही २००५ साली माफी मागून भरपाई द्यावी लागली. एका नावामुळे अडवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या अनेक वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. युसूफ चिडले असतील, पण कडवट झाले नाहीत. २००६ च्या अखेरीस ते अमेरिकेत गेले, ते गाण्यासाठीच.

गिटार पुन्हा हातात

हो, गाण्यासाठी! हा बदल एका रात्रीत झाला नाही. १९९५ साली त्यांनी पैगंबर (स.) यांचे चरित्र सांगणारी ध्वनिफीत काढली होती. सुरुवातीला उल्लेखिलेली नशीद तिच्यातलीच. त्याच काळात बोस्नियात मुसलमानांची कत्तल चालू होती. तिथले परराष्ट्रमंत्री इरफान ल्युबियांकिच लंडनमध्ये त्यांना भेटले आणि स्वतः रचलेल्या एका गाण्याची कॅसेट त्यांच्या हाती दिली. थोड्याच दिवसांनी, मे १९९५ मध्ये, ल्युबियांकिच यांचे हेलिकॉप्टर पाडण्यात आले आणि ते मारले गेले. कॅसेट युसूफ यांच्याजवळ राहिली. वेढ्यात अडकलेली माणसे गाण्याच्या आधाराने धीर धरतात, हे त्यांनी पाहिले. त्या गाण्यासह बोस्नियासाठी त्यांनी एक संग्रह काढला. तरी गिटार दूरच होती.

ती घरात आणली मुलाने. वीस वर्षांहून अधिक काळ ज्या घरात गिटार नव्हती, तिथे त्यांच्या मुलाने एक गिटार आणून ठेवली. बापाने ती फेकली नाही. एका पहाटे घरची मंडळी झोपेत असताना त्यांनी ती हळूच उचलली आणि बोटांना सूर अजून आठवत होते!

२००६ साली 'ॲन अदर कप' हा संग्रह निघाला, अठ्ठावीस वर्षांनी. काही मुस्लिम चाहते दुखावले. त्यांना उत्तर म्हणून युसूफ यांनी सविस्तर लिहिले. कुरआन, हदीस आणि मुस्लिम स्पेनच्या इतिहासाचा अभ्यास करून आपण आता या मतावर आलो आहोत, असे त्यांनी मांडले. वेगळे मत असणाऱ्यांना त्यांनी दूषणे दिली नाहीत. २०१४ साली अमेरिकेच्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. २९ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च येथे, मशिदींत गोळ्या घातलेल्या नमाजींच्या शोकसभेत, त्यांनी गिटार घेऊन 'पीस ट्रेन' गायिले. १९७१ चे ते गाणे त्या दिवशी दुआसारखे वाटले. आज ते युसूफ आणि कॅट स्टीव्हन्स अशी दोन्ही नावे एकत्र लावतात.

बापलेकांना आम्ही काय सांगितले

२०२० साली त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीचा 'टी फॉर द टिलरमन' नव्याने ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केला. त्यातल्या 'फादर अँड सन'मध्ये मुलाचे बोल १९७० च्या एका जुन्या कार्यक्रमातल्या ध्वनिमुद्रणावरून घेतले आहेत, म्हणजे बावीस वर्षांचा कॅट स्टीव्हन्स गातो. बापाचे बोल गातात सत्तरी ओलांडलेले युसूफ इस्लाम. एकच माणूस, पन्नास वर्षांच्या अंतराने स्वतःशीच बोलतो आहे.

ते दोघे पुन्हा आले तेव्हा आम्ही त्यांना हे गाणे शाळेच्या संगणकावर ऐकवले आणि वर लिहिलेली कहाणी सांगितली. संगीत जायज की नाजायज, हे ठरवणे आमचे काम नाही, ते उलेमांना विचारा, असे स्पष्ट म्हटले. मुलाला आम्ही सांगितले, "बेटा, ज्याने गिटार सोडली त्याने पूर्ण विचाराने सोडली आणि घेतली तीही अभ्यास करून घेतली. मध्ये त्याने शाळा बांधली. तुझ्या हातात गिटार असो वा नसो, वहीत अभ्यास दिसला पाहिजे." वडिलांना म्हटले, "भाईसाहेब, मुलाने गिटार लपवून ठेवली नाही, तुमच्यासमोर आणली. हा विश्वास मोडू नका. आधी त्याचे पूर्ण ऐकून घ्या."

वडील काही वेळ गप्प बसले. मग मुलाकडे वळून त्यांनी विचारले, "त्या गाण्यात तो मुलगा काय म्हणतो रे? मला इंग्रजी कळत नाही. नीट सांग."

मुलगा सांगू लागला. आम्ही खडू घेतला आणि पुढच्या तासाला निघून गेलो.